मिगोरीची काटेरी चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण मला स्वयंपाकघरात शोधाल तर सापडायची नाही. मी आहे दोन हात लांब, पोटाने गोल आणि इंजिनवर गरगर फिरणारी. मिगोरी नदीकाठच्या खाणीतली माती माझ्या एका तोंडात ओततात. बारीक माती भोकांतून खाली उतरत्या फळीवर पडते, गोटे दुसऱ्या तोंडाने बाहेर जातात आणि फळीवरच्या घोंगडीत सोन्याचे कण अडकून राहतात. मला थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

माझा जन्म आठ दिवसांत झाला आणि तोही भांडणातून. त्याआधी खाणीतली माती चाळीस बायका हातचाळणीने धूत असत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून. एक दिवस शहरातून एक कंत्राटदार चकचकीत यंत्र घेऊन आला. खाणीचे अध्यक्ष ओचोला त्याच्यावर भाळले. धुण्याचे काम त्याला द्यायचे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. काम गेले तर चाळीस घरांत मक्याच्या पिठाची उगाली शिजायची कशी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो अकुमूला पडला. ती बारा वर्षे मक्याची गिरणी चालवायची. गिरणी बंद पडल्यावर माती धुवायला खाणीवर आली होती.

ती उठली आणि म्हणाली, "आठ दिवस द्या. आम्हीही यंत्र आणतो."

"कुठून आणणार? चुलीवर शिजवणार का?" ओचोलांनी विचारले. सभा खो खो हसली.

"शिजवू की! तुम्ही फक्त भूक ठेवा," मागून अपोंडी ओरडली. ही त्याच चाळीस जणींतली, उरल्या वेळात बाजारात मंदाझीचे गोड वडे तळून विकणारी, तोंडाची फटकळ बाई.

मग ज्या घरात जे होते ते आले. अपोंडीने आपले रिकामे तेलाचे पिंप दिले. तेच माझे शरीर. कुणी ढकलगाडीची चाके आणली, त्यांवर मला आडवे ठेवले. कुणी निलगिरीचे वासे दिले, कुणी पाण्याची नळी, कुणी अंगावरची घोंगडी. बंद पडलेल्या पंपाचे इंजिन अकुमूने तीन दिवस खपून सुरू केले आणि गिरणीचा पट्टा माझ्या कमरेला बांधला. तो पट्टा कमरेवर ताणला गेला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण कुणीतरी आहोत.

भोके पाडायची राहिली होती. पिंपाच्या आत हातोडा फिरवायला जागा नव्हती, म्हणून बायकांनी बाहेरूनच खिळे ठोकले. शेकडो भोके पडली खरी, पण प्रत्येक भोकाचा फाटका पत्रा आत उभा राहिला. ओडेरो लोहाराने आत हात घातला आणि झटकन बाहेर काढून बोट चोखले.

"ही चाळणी आहे की किसणी?" तो म्हणाला. "सगळे काटे घासावे लागतील. चार दिवस तरी जातील."

हातात दोनच दिवस होते. अकुमू माझ्यावर डोके टेकून रडली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. मलाही लाज वाटली.

"राहू देत काटे," अपोंडी म्हणाली. "आपल्यातली तरी गुळगुळीत कोण आहे?"

आठव्या दिवशी परीक्षा झाली. आमच्याकडे धुण्याची पारख हाती लागलेल्या सोन्यावरून करत नाहीत, मागे टाकलेल्या ढिगावरून करतात; ज्याच्या ढिगात सोने राहिले तो हरला. एकाचा ढीग दुसरा तपासतो. त्या दिवशीची माती लाल आणि चिकट होती. दोघांना वीस-वीस पोती मिळाली. कंत्राटदाराचे यंत्र माझ्या आधी कितीतरी मोकळे झाले. तो खुर्चीवर पाय पसरून सोडा पीत बसला. मी खडखडत, धापा टाकत निम्म्यावर होते.

माझे काम संपल्यावर बायका त्याच्या ढिगाकडे गेल्या. ढिगात चिखलाचे गोल गोल गोळे पडले होते, कुणी लाडू वळून ठेवावेत तसे. अकुमूने एक उचलला, परातीत कुस्करला, पाणी घालून हलके हलके फिरवला. परातीच्या तळाशी पिवळी रेघ उमटली. गुळगुळीत जाळीत लोळता लोळता चिकणमाती सोने पोटात घेऊन बाहेर निघून गेली होती.

आता माझा ढीग. कंत्राटदाराच्या माणसांनी जेवणाच्या वेळेपर्यंत तो उपसला. एकही गोळा सापडला नाही. चिखल आला तसा माझ्या काट्यांनी किसून काढला होता. शेवटी ओचोला स्वतः खाली बसले, दहा पराती माती धुतली, पण कणही निघाला नाही. बायकांनी जो आरोळीचा गजर केला, तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. मित्रांनो, माझी लाज तिथेच धुऊन गेली.

ओचोलांनी हात झटकले. "शाबास! यंत्र झकास आहे. आजपासून ते खाणीचं. चालवायला दोन गडी पुरेत. बायांनो, आता घरी आराम करा."

गजर एकदम थांबला. अकुमूने माझ्या कमरेचा पट्टा सोडला आणि खांद्यावर टाकला.

"अगं, पट्टा कुठं नेतेस?" ओचोलांनी विचारले.

"घरी. गिरणीचा आहे, खाणीचा नाही."

दुसरीने चाके काढली. तिसरीने नळी गुंडाळली. कुणी वासे उचलले, कुणी घोंगडी खांद्यावर घेतली, चौघींनी मिळून इंजिन उचलले. काही जणींच्या हाती नुसता एक बोल्ट होता, पण रिकाम्या हाताने एकही गेली नाही. मला अपोंडीने लोटत लोटत घरी नेले. वाटेत मी दगडांवर इतकी खणखणले की कोंबड्या पळाल्या. ओचोला आणि त्यांचे दोन गडी मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत अध्यक्षसाहेब चाळीस दारांशी गेले. प्रत्येक दारात त्यांना एकच वाक्य म्हणावे लागले, "बाई, कामावर या." चाळिसावी हो म्हणाली, तेव्हा कुठे मी पुन्हा जोडली गेले.

आता मी म्हातारी झाले आहे. पोटाला गंज धरला आहे. तुमच्या घरीही अशी कामाची एखादी जुनी वस्तू असेल. तिला तेल द्या, पुसून कोरडी ठेवा, कुरकुरली म्हणून लाथ मारू नका. आणि ती कुणाची, असे कुणी विचारले, तर ज्यांनी ती घडवली त्यांची नावे आधी सांगा. माझी चाळीस नावे आहेत. मला ती सगळी पाठ आहेत.