आगाऊ माफी

होसाका नवरा-बायकोनं गल्लीतल्या सगळ्या घरांची माफी मागितली ती रविवारी सकाळी, आणि तिथंच घोळ झाला. म्हणजे माफी उत्तम झाली. दोघं इस्त्रीचे कपडे घालून दारोदार गेले, कमरेत वाकले, "छपरावर सोलर बसवतोय, या आठवड्यात ठोकाठोक होईल, तुम्हाला फार त्रास होणार," असं म्हणाले आणि प्रत्येक घरी कपडे धुण्याच्या पावडरचा एकेक डबा दिला. घराचं काम काढण्याआधी शेजाऱ्यांची आगाऊ माफी मागायची ही जपानी रीत, आणि तिच्यात कुठं खोट नव्हती. फक्त सोलर अजून घेतलं नव्हतं. कोणतं घ्यायचं तेही ठरलं नव्हतं. लग्न जमायच्या आधी बारशाचे पेढे वाटावेत, तसला प्रकार.

दोष पावडरचा होता. ती अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून होसाकानं घेऊन टाकली. सोलरच्या बाबतीत त्यानं वर्षभरात घेतलेला हा एकमेव ठाम निर्णय. डबे दारात, चपलांपाशी रचलेले होते आणि येता-जाता बायकोच्या, चिएमीच्या पायाला लागायचे. शेवटी ती म्हणाली, "अहो, एक तर सोलर आणा, नाहीतर हे डबे तरी हलवा."

त्यातलं जे सोपं होतं ते होसाकानं केलं. वर शब्दाला जागायचं म्हणून आठवडाभराची रजाही टाकली.

होसाका कोफूतल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायचा, "ही काच बरी, की ही?" लोक पटकन सांगायचे, "ही." त्याला त्यांचा हेवा वाटायचा. त्याच्याकडे तीन कंपन्यांची कोटेशनं होती आणि तिन्ही त्याला पटली होती. देशी पॅनेल महाग, पण पंचवीस वर्षांची हमी. परदेशी स्वस्त, हमी तेवढीच, पण हमी देणारी कंपनी पंचवीस वर्षं टिकेल याची हमी कोण देणार? भिंतीवर एकच मोठा इन्व्हर्टर लावावा तर तो स्वस्त, पण एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी रांग सुस्तावते. प्रत्येक पॅनेलखाली छोटा छोटा लावावा तर सावलीची फिकीर नाही, पण खिशाची आहे. आणि बॅटरी! बॅटरीचे पैसे अठराव्या वर्षी वसूल होत होते आणि बॅटरी पंधराव्या वर्षी मरत होती. मधली तीन वर्षं तिचं सुतक पाळायचं की काय, हे कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हतं.

माफी स्वीकारली की परतभेट आलीच. जुलैचे दिवस, त्यात कोफू म्हणजे पीचचं गाव, त्यामुळे रविवारी संध्याकाळपर्यंत घरात पीचच्या पेट्या लागल्या. सोमवारी गल्ली आवाजाची वाट बघत शांत बसली. मंगळवारी सकाळी शेजारच्या अमेमिया आजींनी कुंपणावरून डोकं काढलं.

"काय हो होसाकासान, काम सुरू झालं का? काहीच ऐकू येत नाही. म्हटलं, माझे कान गेले."

"नाही नाही, कान ठणठणीत आहेत तुमचे. काम... सुरू होतंय."

"होऊ दे, होऊ दे. आमची काळजी करू नका. माझ्याकडे गाण्याची मंडळी जमतात ना, ती मी आठवडाभर वस्तीच्या सभागृहात हलवली. तिथं म्हाताऱ्यांचा व्यायाम असतो, ते गेले देवळाच्या दिवाणखान्यात. तिथं गुरुवारी कोइकेंच्या घरचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं."

"मग?"

"श्राद्ध काही पुढं ढकलत नाहीत. अलीकडे आणता येतं. काल उरकून घेतलं बिचाऱ्यांनी. कोइकेंना जाऊन तेरावं वर्ष लागायला तीन दिवस कमी पडले, म्हणून त्यांच्या बायकोनं फोटोपुढं माफी मागितली. तेवढंच." आजी समाधानानं हसल्या. "कामगार किती आहेत?"

"चार," होसाका म्हणाला. का म्हणाला, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही.

घरात येऊन तो चिएमीपुढं मटकन बसला. "अगं, मेलेला माणूस हलवला त्यांनी आपल्यासाठी. आता काम नाही असं कसं सांगू? घराच्या कर्जाची बावीस वर्षं जायचीत. बावीस वर्षं याच गल्लीत तोंड दाखवायचंय. उद्या मी खरोखर मेलो तरी लोक म्हणतील, थांबा, आधी खात्री करा."

"मग आज सही करून टाका."

"आज सही केली तरी वीज कंपनीची परवानगी यायला दोन-तीन महिने लागतात."

"मग काय करणार?"

होसाकानं डोक्याला टॉवेल बांधला, हातोडा घेतला, शिडी लावली आणि छपरावर जाऊन एका लाकडी फळीवर ठोकायला सुरुवात केली.

सुरुवातीला त्याला लाज वाटली. मग लय सापडली. ठण-ठण, ठण. चार माणसांच्या मानानं आवाज कमी वाटतोय असं वाटून तो डाव्या हातानं पातेलंही बडवू लागला. दुपारी तीनच्या ठोक्याला खालून हाक आली. "होसाकासान, गड्यांचा चहा ठेवलाय हो कुंपणावर!" कामगारांना तीनचा चहा देणं शेजारधर्मच. ट्रेमध्ये जवाच्या गार चहाचे चार पेले, भाताचे चार गोळे आणि काकडीचं लोणचं होतं. होसाकानं चारही पेले प्यायले, चारही गोळे खाल्ले आणि रिकामा ट्रे परत ठेवताना चार आवाजांत "आभारी आहोत!" असं ओरडला. एक आवाज मुकादमाचा ठेवला, एक सर्दी झालेल्याचा. तिसरा फक्त "हो" म्हणायचा. चौथा पार दक्षिणेतल्या क्यूशूकडचा होता, कारण होसाकाला नक्कल तेवढ्याच एका बोलीची यायची.

"तुम्हाला ऊन लागलंय," रात्री चिएमी म्हणाली.

"मला नाही, सर्दीवाल्याला लागलंय. उद्या त्याला सुट्टी द्यावी म्हणतोय."

"द्या. एक गोळा कमी खावा लागेल."

पण बुधवारी सर्दीवाला आला आणि दुपारी त्याचं मुकादमाशी वाजलं. आवाज चौघांचा वाटावा म्हणून होसाका अधूनमधून संभाषण घालायचा, आणि त्याच्याजवळ बोलायला विषय एकच होता.

"एकच मोठा इन्व्हर्टर लावू, काम फत्ते!" मुकादम म्हणाला.

"आणि सावली पडली म्हणजे?" सर्दीवाला शिंकत म्हणाला. "अख्खी रांग झोपेल, तिला उठवायला तुम्ही जाणार?"

"हो," तिसरा म्हणाला.

"कुठाय रे सावली, दाखव की मला!" क्यूशूवाला गरजला.

होसाका हातोडा उचलून तसाच थांबला. मुद्दा बिनतोड होता. काल सकाळपासून तो या छपरावर बूड टेकायला सावली शोधत होता. पूर्वेला सरकून पाहिलं, पश्चिमेला सरकून पाहिलं, अँटेनाच्या काठीमागं आडवा होऊन पाहिलं. तळहाताएवढीही सावली त्याला मिळाली नव्हती. पाठीचं सालपट निघालं होतं. वर्षभर ज्या सावलीच्या भीतीनं घोडं अडलं होतं, ती सावली या छपराला भेटायलाच येत नव्हती. सर्दीवाला खजील झाला. होसाकाला त्याची दया आली, म्हणून त्याच्या वाटचा गोळा त्यानं शेवटी खाल्ला.

गुरुवारी चिएमीनं कुणाला न विचारता नोझावाला फोन केला. नोझावा हा तीनपैकी देशी पॅनेलच्या कोटेशनचा विक्रेता, आणि तीनचा चहा यायच्या सुमारास तो टाय घालून शिडीवरून वर आला. वर एक माणूस एका हातानं फळी, दुसऱ्यानं पातेलं बडवत चौघांच्या आवाजात भांडत होता.

"होसाकासाहेब," नोझावा अदबीनं म्हणाला, "मी नंतर येऊ का? सगळे कामात दिसताय."

एवढ्यात शेजारच्या घराची माडीवरची खिडकी सरकली. ती खिडकी तिथं आहे हे होसाकाच्या तीन दिवसांत लक्षातच आलं नव्हतं. तिथून छप्पर ताटासारखं दिसत होतं.

"आज पाच दिसतायत," अमेमिया आजी म्हणाल्या. "पाचवा खरा वाटतोय."

होसाकाच्या हातातलं पातेलं सुटलं आणि कौलांवरून घरंगळत खाली गेलं. त्या आठवड्यातला तो सगळ्यात मोठा आवाज होता.

"आजी! तुम्ही... पहिल्यापासून बघत होता?"

"मंगळवारपासून. टीव्ही बंद आहे माझा तेव्हापासनं."

"मग चार-चार पेले कशाला पाठवलेत?"

"तुम्हीच चार म्हणालात. शेजाऱ्यानं सांगितलेला आकडा मोजायला जाऊ? बरं दिसतं का ते?"

होसाका छपरावरच गुडघे टेकून, कपाळ कौलाला लागेल इतका वाकला. कौल तापलेलं होतं, त्यामुळे माफी थोडक्यात आटोपली. "चूक झाली, आजी. अजून काही घेतलेलंच नाही. काय घ्यावं तेच कळत नव्हतं. मी घरोघर जाऊन सांगतो, माफी परत द्या म्हणून."

"परत? अहो, कोइकेंना परत मारणार का तीन दिवसांनी? ते काही चालायचं नाही. माफी मी घेतलीय, ती आता माझी. मला त्याबद्दल त्रास पाहिजे. खरा, परांची बांधून, ड्रिलनं दिलेला. कधी देताय बोला."

"दहा पॅनेल, देशी," होसाका म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचाच होता, आणि सगळ्यात जास्त दचकला तोच. "परदेशीवाला कोटेशन द्यायला आला तेव्हा हमीबद्दल बोलताना कौलाकडे बघत होता. इन्व्हर्टर भिंतीवर एकच, मोठा. इथं सावली नाही, मी सगळीकडे झोपून पाहिलंय. बॅटरी नको. सातच्या आत मेल्यासारखा झोपतोय मी, रात्रीपुरती वीज साठवू कुणासाठी?"

नोझावाचा चेहरा बॅटरीपाशी थोडा पडला, पण माणूस कसलेला होता. त्यानं तिथल्या तिथं बॅग उघडली, करारनामा कौलांवर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर हातोडा ठेवला. चिएमी सहीच्या जागी मारायचा घरचा शिक्का घेऊन शिडीच्या निम्म्यावर हजरच होती. ती तो शिक्का सोमवारपासून एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होती.

"परवानगी मिळून काम ऑक्टोबरात सुरू होईल," नोझावा म्हणाला.

"ऑक्टोबर चालेल," आजी खिडकीतून म्हणाल्या. "तोवर सभागृहातच गाऊ. तिथं माझा आवाज घुमतो चांगला."

होसाकानं शिक्का लाल शाईत टेकवला आणि कागदापाशी नेला. वर्षभराचं ओझं नखाएवढ्या अंतरावर संपणार होतं.

"फक्त एकच राहिलं," नोझावा म्हणाला. "पॅनेलची चौकट काळी हवी की रुपेरी? किंमत एकच."

शिक्का हवेत थांबला. होसाकाचं तोंड उघडलं. काळी पटकन तापेल. पण रुपेरी डोळ्यांवर येईल. काळीवर धूळ दिसेल. पण रुपेरी... चिएमीनं शिडीवर डोळे मिटले. नोझावानं हळूच घड्याळ पाहिलं.

"काळी!" अमेमिया आजी खिडकीतून कडाडल्या. "तुम्ही खाली राहता. बघायचंय मला!"

"काळी," होसाका म्हणाला आणि कुणी आणखी काही विचारायच्या आत त्यानं शिक्का असा दाबला, असा दाबला, की खालचं कौल तडकलं.