हात लावायचा नाही

"सर हात लावणार नाहीत ना?" मनगटाला पट्टी गुंडाळून घेता घेता खारूने विचारले.

"नाही लावणार," तिचा बाप म्हणाला आणि लेकीच्या नजरेला नजर न देता त्याने पट्टी दाताने तोडली.

खोटे बोलणे त्याला कधी जमले नव्हते. आत्ताच तो जिन्यापाशी तिच्या प्रशिक्षक सरांना गाठून आला होता. "सुटतेय असं वाटलं तर धरा तिला. गुण गेले खड्ड्यात."

"अहो, संघातली निवड जाईल तिची," सर म्हणाले होते. "तिला कळलं तर?"

"माझं नाव सांगा."

जिम्नॅस्टिक्समध्ये गुण कसे देतात हे त्याला खारूनेच शिकवले होते. कसरत जितकी अवघड, तितके गुण चढतात. गुडघा वाकला, पाऊल सरकले की पंच कापत जातात. आणि आडव्या बारखाली उभ्या सरांनी नुसता हात लावला तरी अख्खा गुण जातो, वर ती कसरत धरतच नाहीत. बापलेक घरी बसून प्रत्येक गोष्टीचे इतके गुण कापत की बायको म्हणायची, "माझ्या चहाला तेवढं सोडा."

पण शिकल्यापासून त्याची झोप उडाली होती. जिथे बापाला बघवत नाही, नेमके तिथेच गुण जास्त. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. खालचा ब्रेक तपासल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू देत नसे. गेल्या आठवड्यात सरावात खारूचा बार सुटला आणि ती मानेवर पडली. उठून हसली. तो अजून हसला नव्हता.

पंचांना हात वर करून खारू बारवर चढली. झोका घेतला, पुन्हा घेतला. मग बार सोडून तिने हवेत कोलांटी घेतली. त्याने बाकाची कड घट्ट धरली. तिची बोटे बारकडे गेली, त्याच वेळी सरांचा हात तिच्या पाठीला लागला.

आधी बार हातात आला की सरांचा हात लागला, देव जाणे. पंचबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. खारू पुढचे सगळे बिनचूक करून खाली उतरली, पाऊलसुद्धा हलले नाही. फलकावर गुण आले तेव्हा तिचे नाव निवडीच्या रेषेखाली होते.

ती येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"बार हातात होता माझ्या, बाबा."

"असेल."

"तू सांगितलंस सरांना?"

सरांवर ढकलणे सोपे होते. "हो, मीच. भ्यालो मी."

ती दाताने पट्टी सोडवू लागली, पण टोक सापडेना. शेवटी तिने न बघताच दोन्ही हात त्याच्यापुढे केले.

त्यालाही टोक सापडेना. तो नखाने पट्टी चाचपत राहिला. खारूने तोंड भिंतीकडेच ठेवले, पण त्याला टोक मिळेपर्यंत मनगटे जराही हलू दिली नाहीत.