एका सॉकेटचा मध्यबिंदू

टेबलावर कोरे सर्किट बोर्ड तीन होते. एकेकावर दोनशे चौदा भाग बसायचे होते, आणि प्रत्येक भागाच्या मध्यबिंदूचे दोन आकडे, आडवा आणि उभा, वहिनीच्या फाइलमध्ये होते. ती फाइल वाचून भाग उचलून ठेवणारं यंत्र नणंद चालवायची. पाच वाजता गिऱ्हाईक येणार होतं. एक तरी बोर्ड असा हवा होता, की कुठलाही भाग ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला नाही. तसा निघाला तर वर्षभराचं काम या दोघींचं, नाहीतर मोठ्या कारखान्याचं.

खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचा अकरा दिवस अबोला होता. निरोप पोचवायचं काम वहिनीच्या नवऱ्याकडे आलं होतं.

गिऱ्हाइकाने पाठवलेल्या यादीत एका सॉकेटचे आकडे मध्यबिंदूचे नव्हते, पहिल्या पायाचे, म्हणजे पिनचे होते. तो पाय मध्यापासून ३.२० मिलिमीटर डावीकडे. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. पण सांगणार कोणाला? तिने फाइलमधल्या आडव्या आकड्यात गुपचूप ३.२० मिळवले.

यंत्रातून निघालेला बोर्ड पट्ट्यावरून थेट भाग डाखणाऱ्या भट्टीत जाई, त्यामुळे चूक दिसे तेव्हा ती पक्की झालेली असे. पहिल्या बोर्डावर दोनशे तेरा भाग जागच्या जागी बसले. सॉकेट ३.२० उजवीकडे.

"दादा, वहिनीला सांग, फाइल एकदा बघून घे म्हणावं," नणंद म्हणाली. वहिनी दोन हात अंतरावरच उभी होती.

"तुझ्या बहिणीला सांग, फाइल बघितली आहे. यंत्रात कोणी लुडबुड केली का, तेवढं विचार."

"दोघींना ऐकू आलं ना?" तो म्हणाला. "मग मी चहा टाकतो."

वहिनीने कागदावर हिशेब मांडला. सॉकेट नेमकं तेवढंच पलीकडे गेलं, म्हणजे नणंदेनेही चूक ओळखून यंत्रात ३.२० मिळवले असणार. कोणीतरी माघार घ्यायला हवी होती, आणि माघार शहाण्याने घ्यायची असते. वहिनीने फाइलमधले ३.२० काढून टाकले.

दुसरा बोर्ड निघाला. सॉकेट ३.२० डावीकडे. नणंदही शहाणी निघाली होती.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. वहिनी उठून यंत्रापाशी गेली.

"किती मिळवले होतेस?"

"तीन पॉइंट दोन," नणंद पडद्याकडेच बघत म्हणाली. "मग काढले. म्हटलं, तुझेच असू देत."

"मीपण काढले."

"दिसलं ते."

नणंदेने शेवटचा बोर्ड यंत्रात ठेवला. भट्टीचा पंखा घुमत होता.

"यंत्रात मिळवलेला आकडा काम संपल्यावर पुसला जातो," वहिनी म्हणाली. "फाइल उद्याही लागेल. तिथेच मिळवते."

"मिळव. मी हात लावत नाही."

"नक्की ना?"

"वहिनी, हे बघ, हात मागे बांधलेत. बटण तूच दाब."

वहिनीने बटण दाबलं. दादाने दोघींचा चहा आणून ठेवला आणि काही न विचारता बाहेर गेला.

गिऱ्हाईक पाच मिनिटं आधी आलं. त्याने तिसरा बोर्ड स्वतःच्या उपकरणाखाली ठेवला, दोनशे चौदाही भाग मोजले आणि तक्ता भरला. सॉकेटच्या ओळीत त्याने लिहिलं: आडवा फरक ०.०३ मिलिमीटर, उभा ०.०२.