टोपलीतली पत्रं

मित्रांनो, मी एक जुना ईमेलचा प्रोग्राम आहे. तुम्ही म्हणाल, प्रोग्रामला कसलं आलंय आयुष्य! अहो, एकोणीस वर्षं एकाच टेबलावर काढली की दगडापाशीसुद्धा सांगण्यासारखं काहीतरी साठतं. मी तर रोज पत्रं वाहणारा.

मला कुणी बनवलं ते विचारू नका. कुठल्यातरी ऑफिसात दहा-बारा जणांनी मिळून बनवलं, चकतीवर घातलं आणि विकलं. मी आलो तो थेट बुटाच्या कारखान्यात. कारखाना कसला, एक लांबट खोली. खिडकीशी कामाचं टेबल, भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फरमे ओळीनं टांगलेले, आणि कोपऱ्यात माझा संगणक. त्याच्यावर कातड्याची धूळ. आमचा मालक साधे बूट करत नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा पंजा वाकडा, अशांचे बूट करतो. माणूस आत येताना लंगडत येतो आणि जाताना सरळ जातो. मी कोपऱ्यातनं बघायचो आणि उगाचच छाती फुगवायचो, जसं काही मीच शिवलंय.

माझी कामाची रीत जुनी. तिकडं ईमेल कंपनीच्या टपालघरात पत्र आलं की मी उचलून घरी आणायचो. मागं काही ठेवायचो नाही. तेव्हा पद्धतच तशी होती. म्हणजे पत्र असलं तर माझ्यापाशी, नाहीतर कुठंच नाही.

सगळ्यात मोलाची पत्रं वस्तादांची. मालकाला हे काम त्यांनी शिकवलं. म्हातारपणी ते लेकीकडं दूर राहायला गेले, पण शिकवणी काही सोडली नाही. ते बोलायचे, लेक टाइप करायची. 'गाढवा, बुटाचा फोटो बघितला. टाच एवढी नटूनथटून कुणाच्या लग्नाला निघालीय?' अशी सुरुवात. आणि खाली असं काही सांगितलेलं असायचं की मालक हातातली सुरी खाली ठेवून तीन-तीनदा वाचायचा. आठ वर्षांत अशी चारशे बारा पत्रं झाली.

आता ही पत्रं तो ठेवायचा कुठं, ते ऐका. कामाच्या टेबलाखाली त्याची एक टोपली असते. कातड्याचे उरलेले तुकडे त्यात जातात. या धंद्यात टोपलीतलं कधी फेकत नाहीत. बुटाची जीभ लावायला, टाच भरायला, सगळं तिथूनच निघतं. माझ्यातही खाली टोपलीचं चित्र आहे, खरं म्हणजे केराच्या. मालकानं पहिल्याच दिवशी ते बघितलं आणि खूश झाला. वाचून झालं की वस्तादांचं पत्र टोपलीत. लागलं की टोपलीतनं वर. जाहिराती मात्र त्यानं कधी हलवल्या नाहीत. टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची सहा हजार पत्रं माझ्या दिवाणखान्यात, म्हणजे आलेल्या पत्रांच्या खोलीत, ऐटीत बसलेली, आणि वस्ताद टोपलीत! मला हसू यायचं. पण त्याला सगळं सापडत होतं ना? मग झालं तर.

आणि एक दिवस मी बंद पडलो. बंद म्हणजे काय, टपाल कंपनीनं कुलूप बदललं. माझ्याकडं जुनी किल्ली. मी दारात जायचो, ते हाकलायचे. मी मालकाला सांगायचो, 'पासवर्ड चुकीचा आहे.' तो बिचारा पुन्हा टाइप करायचा, दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून. पासवर्ड बरोबरच होता हो. पण मला तेवढंच वाक्य शिकवलेलं.

शेवटी त्यानं पुतणीला बोलावलं. पोरगी गुणाची, कामाला चपळ. नवा संगणक घेऊन आली, त्यात नवा प्रोग्राम.

"काका, हा म्हातारा किती वर्षं सांभाळलात? याला आता कुणी दारातसुद्धा उभं करत नाही."

"म्हातारा म्हणू नकोस. त्याला माझं सगळं माहितीय."

"ते सगळं मी नव्यात नेते. तुम्ही बूट ठोका, इकडं बघू नका."

मालक बूट ठोकायला लागला. पोरीनं माझी एकेक खोली उघडली. जाहिराती नेल्या, पत्ते नेले. मग टोपली बघितली. चारशे बारा. "बापरे, काकांनी कधी कचराच काढला नाही!" असं म्हणाली, आणि नव्या घरात केर कशाला न्यायचा म्हणून बटणावर बोट ठेवलं.

मित्रांनो, त्या वेळी मला एकच वाक्य बोलता आलं. 'कायमचं काढायचं? खात्री आहे ना?' पण हे मी सगळ्यालाच विचारतो. तेलाच्या जाहिरातीलाही हेच आणि वस्तादांनाही हेच. माझं बोलणं कोण वाचतंय! ठक. 'हो.' तिकडं हातोडीचा आवाज चालूच.

चार दिवसांनी बसची कंडक्टर बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी सात वर्षांची, तिला सगळे भिंगरी म्हणतात. डावा पंजा आत वळलेला, त्यामुळं धावताना स्वतःच्याच पायात अडकून पडते. गुडघे सगळे फुटलेले.

"शाळेच्या शर्यतीत पळायचं म्हणते," बाई म्हणाली. "मी म्हटलं, आधी पडायचं थांबव."

"पळेल की," मालक म्हणाला. "अशाच पायाचं वस्तादांचं एक पत्र आहे. बुटात पाचर कुठं घालायची, सगळं लिहिलंय. थांबा."

त्यानं नव्या प्रोग्रामात टोपली उघडली. रिकामी. मग माझ्यात. रिकामी. मग पुतणीला फोन.

"अगं, टोपलीतली पत्रं कुठं गेली?"

"टोपलीतली? काका, तो कचरा होता ना?"

मालकानं फोन ठेवला.

पुतणी धावत आली. तासभर इकडंतिकडं शोधलं, मग रडायला लागली. त्यानंच तिला पाणी दिलं. "राहू दे. तुला काय माहीत." मग वस्तादांच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, मी ऑफिसच्या यंत्रावरनं लिहायचे. ती नोकरी सुटली, तिथलं खातंही गेलं. आणि बाबांना विचारू नका हो. काल मलाच म्हणाले, बाई, आपण कोणाकडच्या?"

मित्रांनो, आता खरी गोष्ट सांगतो. पत्रं गेलेली नाहीत. आम्ही जुने प्रोग्राम लगेच काही पुसत नाही. नुसती खूण करतो, 'काढलेलं', आणि पडद्यामागं टाकून ठेवतो. चारशे बाराच्या चारशे बारा माझ्या पोटात आहेत. जाणत्या माणसानं माझी फाईल उघडली तर अर्ध्या तासात वर येतील. पण मला 'पासवर्ड चुकीचा' म्हणता येतं आणि 'खात्री आहे ना' म्हणता येतं. 'अरे, इथं आहेत' हे मला कुणी शिकवलं नाही. आणि शनिवारी हा संगणक पार पुसून कुणाला तरी द्यायचं ठरलंय. आज गुरुवार.

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. जोडायला हात नाहीत, तरी. कुणाचं सामान हलवाल, मग ते घरातलं असो की संगणकातलं, तर त्या माणसाला शेजारी बसवा. प्रत्येक वस्तूला बोट लावून विचारा, हे काय आहे? तुमचा केर आणि त्याचा केर एक नसतो. आणि पुसायच्या आधी एखाद्या जाणत्याला दाखवा.

आज दुपारी पुतणी चहा आणायला गेली, तेव्हा मालक उठून माझ्यापाशी आला. नव्याकडं गेला नाही. दोन बोटांनी टाइप केलं, 'वस्ताद, आत वळलेल्या पायाचं ते पत्र परत पाठवाल का? पोरगी लहान आहे.' आणि पाठवायचं बटण दाबलं. मला दारात कोण घेतंय! पत्र माझ्यातच अडकून राहिलं. तो पडद्याकडं बघत बसला.

त्याचं पत्र माझ्यापाशी आहे. आणि तिथनं जरा मागं, त्याच पोटात, दुसरं पत्र आहे, 'गाढवा, पाचर आधी जाड कागदाची घाल. पोराला चार फेऱ्या मारू दे. मग बघ...'