तव्यावरची पहिली तुकडी

शनिवारी सकाळी चहाचे कप अजून टेबलावरच होते, आणि उद्याच्या जेवणाला मुख्य पदार्थ कोणता करायचा यावर घरात चर्चा चालली होती. चर्चा कसली डोंबलाची! निकाल कधीच लागला होता, वाचून दाखवायचा तेवढा बाकी होता.

घर चष्म्याच्या दुकानदाराचं. दुकानाला तीस वर्षं झाली म्हणून त्यांनी सहा मित्रांना बायकांसकट रविवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. निम्म्या गावाला या गृहस्थांच्या चष्म्यांतून स्वच्छ दिसे, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातलं काही त्यांना दिसत नसे. माणूस वाईट नव्हता. अशा घरांत वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही, हीच तर पंचाईत आहे.

"मासे," ते म्हणाले. "तव्यावरून थेट ताटात. तुझ्या हातचे."

हे बायकोला उद्देशून होतं. ती स्टुलावर पाय टेकवून बसली होती. पायाच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या, आणि फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. तिच्याऐवजी बोलली सून.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासायची. तिला पाचवा महिना लागला होता, आणि मागच्या आठवड्यात तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन जेमतेम आठ निघालं होतं. वेळेवर जेव, असं डॉक्टरीणबाईंनी तिला रागावून सांगितलं होतं.

"बाबा, त्यापेक्षा चिकन करू या का? एका पातेल्यात रस्सा, एकात भात. सात वाजता सगळं टेबलावर मांडलं की आईंना बसता येईल. मलाही."

"हॅ! चिकन काय, कुठेही मिळतं. माझे मित्र हिचे मासे खायला येतात."

"पण तव्यापाशी कोणाला तरी दोन तास उभं राहावं लागतं ना."

"मग? आजवर राहिलीच की ती."

मोबाइलमधून मान वर न काढता मुलगा म्हणाला, "आईला आवडतं गं ते करायला."

संपलं. मासे ठरले. या घराचा नियमही तेव्हाच पुन्हा ठरला, न बोलता. आधी पुरुष जेवणार, मग पाहुण्या बायका, आणि सगळ्यात शेवटी जिने रांधलं ती. तोवर उरायच्या त्या शेपटीकडच्या गार तुकड्या. कधी त्याही नाहीत. मग तव्यावर चिकटलेला मसाला खरवडून भाताला लावायचा आणि म्हणायचं, मला फार भूकच नव्हती.

रविवारी दुपारी दोघी माशांना मसाला लावत बसल्या. सुनेनं सहज विचारलं, "आई, तुम्हाला कशी आवडते तुकडी? कुरकुरीत की मऊ?"

सासूबाईंचा हात थांबला. "कोण जाणे."

"म्हणजे?"

"गरम कधी खाल्लीच नाही गं. चौतीस वर्षं झाली. लोक म्हणतात, छान होते." आणि त्या हसल्या. सुनेला काही हसू आलं नाही.

मग तुकड्या उलटसुलट करत, वर न बघता त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी होती. सातवा महिना होता मला. असंच जेवण होतं, वीस पानं. सकाळपासून पोटात काही नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, पाहुणे जाऊ देत, मग पड. पाहुणे गेले, आणि मी पडलेच. पहाटे सगळं संपलं. त्यानंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण माझ्या मनातून ते काही जात नाही."

"बाबांना माहीत आहे हे?"

"मुलगी गेली, ते माहीत आहे. मी जेवले नव्हते, ते नाही. कोणी विचारलंच नाही."

सात वाजता पाहुणे आले. पुरुष टेबलाला बसले आणि त्यांच्या बायका पुढच्या खोलीत, आपली पाळी यायची वाट बघत. तव्यावर पहिल्या चार तुकड्या चुरचुरत तांबूस झाल्या. बाहेरून आवाज आला, "येऊ द्या हो वहिनी, वासानंच भूक खवळली!"

सुनेनं बशी उचलली, आणि तिचा हात ओट्याची कड शोधू लागला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सकाळपासून काय खाल्लंस?" सासूबाईंनी विचारलं.

"चहा घेतला होता. होईल आई. पाहुणे जाऊ देत, मग..."

पुढचं वाक्य सासूबाईंनी ऐकलंच नाही. ते त्यांना पाठ होतं. त्यांनी गॅस बंद केला.

त्यांना क्रांतीबिंती काही करायची नव्हती. त्या दमल्या होत्या, इतकंच. दोन ताटांत दोन दोन तुकड्या घातल्या, भात वाढला आणि सुनेचा दंड धरून त्या बाहेर आल्या. "ऊठ," त्या मुलाला म्हणाल्या. "हिला बसू दे." मुलगा गडबडून उठला. मग त्या नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, काय हे? पाहुण्यांसमोर..."

"तिला पाचवा महिना आहे आणि तिच्या पोटात अन्न नाही. मलाही एकदा सातवा होता, आठवतंय? तेव्हाही मासेच होते. मी सकाळपासून उपाशी होते हो. या तव्यापुढे मी चौतीस वर्षं उभी आहे, आता पाय राहिले नाहीत. तवा तापलेला आहे, माशांना मसाला लावलेला आहे. ज्याला गरम हवं, त्यानं तव्यापाशी उभं राहावं."

चष्मेवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. मग ते उठले आणि आत गेले. त्यांच्यामागून मुलगाही गेला. थोड्या वेळानं आतून चटका बसल्याचा ओरडा आला आणि त्यापाठोपाठ प्रश्न, "अगं, उलटायची कधी?"

"करपल्याचा वास यायच्या आत!" नवऱ्याच्या खुर्चीत बसत सासूबाईंनी सांगितलं.

पुढच्या खोलीतून एक पाहुणी आली आणि स्टूल ओढून, रिकामं ताट पुढ्यात ठेवून निमूट सुनेशेजारी टेकली. सून खात होती, खाली मान घालून, भराभर. सासूबाईंनी तुकडी मोडली. वाफ आली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"कुरकुरीत," त्या सुनेला म्हणाल्या. "मला कुरकुरीत आवडते."

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा पदार्थ असेल, ज्याच्यासाठी पाहुणे मुद्दाम येतात. तो करणाऱ्या बाईला आज एवढंच विचारा, तो तुला कसा आवडतो? उत्तर यायला वेळ लागला, तर तुम्ही जेवायला बसू नका. आधी तिला बसवा.