लॉकरकडे बघणारं घड्याळ

जयाला यातून मिळणार काय होतं, तर खुर्ची. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या क्रीम पॅकिंगच्या कारखान्यात बायका दिवसभर उभ्या. बसायचा मान फक्त सुपरवायझरला. जयाचे गुडघे कुरकुरायला लागलेत हे हेरूनच शेठनं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"माल चोरीला जातोय, जयाबाई. तुम्हा बायकांच्या लॉकरच्या खोलीतल्या घड्याळात कॅमेरा बसवलाय. चार्जिंगचं तुम्ही बघायचं, कुणाला बोलायचं नाही. पुढची सुपरवायझर तुम्हीच."

"शेठ, तिथे बायका कपडे बदलतात."

"तो लॉकरकडे बघतो हो, बायकांकडे नाही!"

बायका लॉकरपुढेच उभ्या राहतात, हे जयाला काय ठाऊक नव्हतं? तरी तिनं मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः मात्र संडासात जाऊन साडी बदलू लागली. हिशेब चुकला तो इथे.

"जयाताई, आम्हाला खरूज झालीय काय गं?" नवी लागलेली रुचिरा हसली.

जुनी मालन हसली नाही. "खरूज कसली! साडीत काय दडवून नेते, ते आपल्याला दिसायला नको ना."

झालं. चोर पकडायला ठेवलेली बाईच चोर ठरली. जेवताना जयाच्या शेजारी कुणी बसेना. शेवटी एका संध्याकाळी मालननं दार अडवलं.

"पिशवी दाखव."

"वेड लागलं काय तुला?"

"दाखव ना! घाबरतेस कशाला?"

जयानं पिशवी उलटी केली. डबा, चष्मा, चार्जर.

"हा कशाचा? तुझ्या डबड्या फोनला तर हा बसत नाही."

मुलाचा आहे म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण समोर रुचिरा लॉकरपाशी कुर्त्याच्या गुंड्या लावत होती. जया स्टुलावर चढली, घड्याळ उतरवलं आणि चार्जरची पिन त्यात खुपसली. बारीक लाल दिवा लागला.

रुचिराचा हात गुंडीवरच थांबला. "मी लागले तेव्हापासून?"

जयानं घड्याळ मालनच्या हातात दिलं. मालन ते घेऊन थेट पोलीस चौकीत गेली.

"कारखाना माझा, भिंत माझी," शेठ पोलिसांना सांगत राहिला.

"अंग आमचं होतं ना, मेल्या!" मालन ओरडली. तक्रारीत शेठच्या खाली जयाचंही नाव चढलं.

चोर कोण, ते कळलंच नाही. शेठ जामिनावर सुटला. जयाची नोकरी गेली. ती निदान स्वतःच्या करणीनं. माफी मागायला ती विक्रोळीला रुचिराच्या चाळीत गेली, तर सासूनं दारातूनच सांगितलं, "सून आता कामाला जात नाही. कुठेच जात नाही."

भर मे महिन्यात, रुचिराच्या खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती.