वाटेवरचा अर्धा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. खरं तर अर्धाच. उरलेला अर्धा कसबा पेठेत कुणाच्या तरी पायरीखाली गेला, तो तिथे सुखी असो. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाटा पाहिलेलाही नसेल. तुमच्याकडे मिक्सर ओरडतो आणि घरातली माणसं त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतात. मी शाळेत गेलो नाही. जन्मभर लसूण-मिरची अंगावर घेतली, तेव्हा माझं बोलणं थोडं झोंबलं तर पाणी प्या.

मी खाणीतला काळा दगड. मला टाकी लावायची ती सरुबाई. टाकी लावणं म्हणजे छिन्नीनं ठोकून अंग खडबडीत करणं. गुळगुळीत पाट्यावर मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. गल्लीत सरुबाईची हाक आली की माझी मालकीण मुक्ताई मला दाराबाहेर काढायची आणि शेजारी उभी राहून दर घावाला सूचना द्यायची. पाहुणे चटणी खाऊन म्हणायचे, "मुक्ताई, हाताला काय चव आहे!" हाताला! पाट्याला कोण विचारतो?

पुढे मिक्सर आला आणि मी मोरीच्या कोपऱ्यात गेलो. एकदा गॅसचं सिलिंडर माझ्यावर आदळलं नि माझे दोन तुकडे झाले. मुक्ताईचा मुलगा सौमित्र म्हणाला, "आई, टाकून दे आता तो."

"तू दहावीला नापास झालास तेव्हा तुला टाकलं होतं का?" मुक्ताई म्हणाली. विषय संपला.

मुक्ताईला एक नाद होता. रविवार आला की गल्लीतल्या चारचौघींना गोळा करायची, पिठलं-भाकरी बांधायची आणि स्वारगेटहून बसनं पार शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. तिथून जंगलातून चालत तळ्यावर. "गाडी कशाला हवी? बस आहे, पाय आहेत," असं म्हणायची. जाताना वाट सरळ होती. परत येताना मात्र एका उंबरापाशी ती फुटायची. उजवी वाट बसथांब्यावर यायची, डावी ओढ्यात उतरून करवंदीच्या जाळीत संपायची. एकदा सगळ्याजणी डावीकडे गेल्या, शेवटची बस चुकली आणि दुधाच्या टेम्पोत कॅनला धरून घरी आल्या. गल्ली आठवडाभर हसली.

हसलेलं मुक्ताईला खपत नसे. तिनं सरुबाईला बोलावलं नि माझा अर्धा तुकडा पुढे केला. "यावर एक बाण काढ. असा काढ की रंगासारखा उडायला नको."

पुढच्या रविवारी पिशवीत घालून तिनं मला बसमध्ये चढवलं. कंडक्टर म्हणाले, "काकू, या वजनाचं लगेज लावावं लागेल."

"लावा की! मग त्याला खिडकीची जागा द्या."

असा मी उंबराखाली आलो. मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. पहाटे तळ्यावरून गार वारा यायचा, बगळे डोक्यावरून जायचे. कॉलेजची मुलं यायची, पेन्शनर यायचे, कडेवर पोरं घेतलेली जोडपी यायची. सगळी बसनं आलेली, म्हणून सगळ्यांना परतीची घाई. माझ्याकडे बघितलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. कुणीतरी मला हळदकुंकू वाहिलं, पुढे नारळ ठेवला. मुक्ताईनं ते पदरानं पुसून काढलं. "देव करू नका त्याला. उद्या याच्यापुढे रांग लागेल आणि बाण दिसायचा नाही." नारळ मात्र फोडून सगळ्यांना वाटला.

मग हळूहळू बायका येईनाशा झाल्या. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. मुक्ताईही दिसेना. माझ्या तोंडावर पाचोळा साठला. येणारे फोनमध्ये बघून चालायचे, मला पाय लागला तरी खाली बघत नसत.

एकदा हडपसरची काही तरुण मुलं आली. त्यांना चुलीसाठी तिसरा दगड हवा होता. त्यांच्यातल्या तेजसनं मला उचललं, पाचोळा झटकला. "अरे, यावर काहीतरी कोरलंय."

"असेल कुणाचा तरी बदाम. लोकांना दुसरा धंदा नाही," मित्र म्हणाला.

रश्श्याच्या पातेल्याखाली मी काळाठिक्कर पडलो, बाण काजळीत गेला. मुलं वाईट नव्हती. विस्तव पाण्यानं विझवला, कागद उचलले, मला जागेवर आणून ठेवलं. फक्त बाणाची बाजू वर असली तरी उजवी कड डावीकडे करून ठेवलं. पुढे पावसानं वरची काजळी धुतली आणि बाण पुन्हा दिसू लागला. आता तो डावीकडे होता.

त्यानंतर एका दुपारी मुक्ताई आली! बरोबर सून, प्रियदर्शनी, अमरावतीकडची. उंबराच्या सावलीत दोघी बोलत होत्या, त्यावरून मला कळलं. बिऱ्हाड कोथरूडला गेलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आईला हल्ली विसरायला होतं, असं सौमित्रच्या डोक्यात बसलं होतं. त्यानं सांगितलं होतं, "ह्या खेपेला नीट जाऊन आलीस तर दर रविवारी जा. वाट चुकलीस तर परत बसनं जायचं नाव काढायचं नाही."

तळं बघून परतताना मुक्ताई न थांबता उजवीकडे वळली.

"आई, थांबा नं," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमचा बाण तर डावीकडे आहे."

मुक्ताईनं वळून माझ्याकडे पाहिलं. "उजवीकडेच गं. मला ही वाट पाठ आहे."

"पण बाण तुम्हीच काढून घेतला होता नं?"

"मीच. दगड कशाला खोटं बोलेल? म्हणजे माझंच डोकं..."

मुक्ताईनं वाक्य अर्धवट सोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती मुकाट्यानं डावीकडे उतरली. मला ओरडायचं होतं. दगडाला कुठलं तोंड!

थोड्या वेळानं उजवीकडून बसचा हॉर्न ऐकू आला. शेवटची बस. मग करवंदीचे काटे साडीत घेऊन दोघी चढून वर आल्या. मुक्ताई उंबराच्या मुळावर टेकली. "लाव सौमित्रला फोन. म्हणावं, तुझं खरं झालं. बसव मला घरात."

प्रियदर्शनी तिच्याजवळ बसायला वाकली आणि माझ्या कडेला हात टेकला. हात काळा झाला. "आई, ही काजळी कशाची?"

मुक्ताईनं माझी कड उचलून खाली पाहिलं. काजळी, वर तेलाचे ओघळ. "अगं, चूल केली माझ्या पाट्याची! आणि उलटा ठेवला मेल्यांनी!" आणि ती हसायला लागली. बस गेली होती, गुडघा सुजला होता आणि ही बाई डोळे पुसत हसत होती. "माझं डोकं शाबूत आहे गं! दगड चुकला, मी नाही!"

दोघींनी मिळून मला फिरवलं. मग प्रियदर्शनीनं फोन लावला. "अहो, गाडी घेऊन या. बस चुकली. नाही, आई नाही चुकल्या. त्या बरोबर चालल्या होत्या, मीच अडवलं. आणि ऐका, पुढच्या रविवारी आम्ही दोघी परत येणार आहोत. हो, बसनंच."

मित्रांनो, एवढंच सांगतो. जंगलात विस्तव पेटवू नका. रानातला दगड उगाच उचलू नका. उचललाच तर कसा होता ते नीट बघा आणि तसाच ठेवा. त्याच्या भरवशावर कुणीतरी घरी जात असतं. आणि घरातलं म्हातारं माणूस एक सांगतंय नि दगडावरचा बाण दुसरंच दाखवतोय, असं झालं, तर म्हाताऱ्या माणसावर शंका घेण्याआधी दगडाची कड उचलून बघा.